चित्र निघाले, पण पोहोचले का?



मी फार शिकलेला माणूस नव्हे. जे थोडेफार शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून मोबाईलला कॅमेरा कसा जोडला गेला, हा आजचा विषय मी कामगाराच्या नजरेने मांडणार आहे.

कॅमेरा जुना, टेलिफोनही जुना. मग नवे काय घडले? चित्र टिपणाऱ्याच्याच हाती ते धाडण्याचे साधन आले, हे नवे. १९९७ साली कॅलिफोर्नियात फिलिप कान या गृहस्थांनी प्रसूतिगृहात बसून कॅमेरा, मोबाईल आणि लॅपटॉप ही तीन यंत्रे एकमेकांना जोडली आणि नुकत्याच जन्मलेल्या आपल्या मुलीचे छायाचित्र आप्तेष्टांना पाठविले. हेच काम नोव्हेंबर २००० मध्ये जपानात एका यंत्राने होऊ लागले. शार्पने बनविलेला तो फोन जे-फोन या कंपनीने विकावयास काढला. त्याचा कॅमेरा अवघ्या १ लाख १० हजार बिंदूंचा. चित्र ओबडधोबड येई; परंतु ते मित्राकडे जाई! सेवेचे नाव 'शा-मेल'. जपानीत छायाचित्राला 'शाशिन' म्हणतात, त्यातला हा 'शा'. पुढे लोकांनी या नावाचे क्रियापदच करून टाकले.

युरोपात २००२ साली नोकिया ७६५० हा फोन आला. त्याचे चित्र सुमारे ३ लाख बिंदूंचे, म्हणजे अधिक स्वच्छ. त्याच वर्षी नॉर्वे, हंगेरी, ब्रिटन इत्यादी देशांत एमएमएस ही सेवा सुरू झाली. तिची रीत अशी : चित्र आधी कंपनीच्या केंद्रात जाते, घेणाऱ्याच्या फोनला सूचना मिळते, आणि मग तो फोन केंद्रातून चित्र उतरवून घेतो.

हे टपालासारखे वाटेल. पण तिकीट लावलेले पत्र कोणत्याही गावी जाते. येथे तसे नव्हते. घेणाऱ्याचा फोन जुना असला तर चित्राऐवजी त्याला नुसता एक पत्ता मिळे : संगणकावर जाऊन पाहा! दोन कंपन्यांची आपसात जोडणी नसली, तर चित्र वेशीवरच अडे. शिवाय दर साध्या संदेशाच्या कितीतरी पट. याचे एक कारण हिशेबात आहे. २००० साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या पिढीच्या मोबाईल परवान्यांच्या लिलावात कंपन्यांनी सुमारे २,२५० कोटी पौंड मोजले होते. एवढा पैसा कोठून तरी वसूल व्हावयाचा होता, आणि चित्रसंदेशांवर त्यांची मोठी भिस्त होती. डोळा दिला, पण वाटेवर जकातनाका बसविला.

आता तुम्ही विचाराल, यात कामगाराचा काय संबंध? आमच्या कामातला नेहमीचा अनुभव सांगतो. यंत्राच्या पात्यावर जाळी नव्हती म्हणून बोट गेले, असे कामगार सांगतो. चौकशीच्या दिवशी साहेब येतात, तेव्हा जाळी बसलेली असते, वर ताजा रंगही असतो! गरिबाचा शब्द एकटा पडतो. अशा वेळी त्याच दिवशी काढलेले आणि त्याच दिवशी फाटकाबाहेर पोहोचलेले चित्र म्हणजे साक्षीदार होय. फोनमध्येच राहिलेले चित्र फोनबरोबर जप्त होते. पोहोचलेले होत नाही. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले, तेव्हा प्रवाशांच्या फोनमधली चित्रे वर्तमानपत्रांत नि दूरचित्रवाणीवर आली, आणि बोगद्यात काय घडले ते जगाने पाहिले.

मालकवर्गाला हे लवकर उमगले. कॅमेरा-फोन जगभर विकणाऱ्या सॅमसंगनेच २००३ साली आपल्या कारखान्यांत त्यांच्या वापरावर बंदी घातली! व्यापारी गुपिते फुटू नयेत, हे कारण देण्यात आले, आणि ते मी खोटे म्हणत नाही. बायकामाणसांची चोरून चित्रे काढली जातात, हेही खरे. अशा गोष्टींना पायबंद हवाच. परंतु आराखडा मालकाचा असला, तरी तुटणारे बोट कामगाराचे असते.

आज इंटरनेटमुळे चित्र जवळजवळ फुकट जाते. दराचा नाका उठला. फाटकाचा उठलेला नाही. म्हणून माझे मागणे साधे आहे. जेथे फोनला बंदी आहे, तेथे एक कॅमेरा कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा-प्रतिनिधीच्या हाती असावा, आणि धोक्याचे चित्र काढून पाठविणे हा गुन्हा ठरू नये. डोळा सर्वांना मिळाला आहे. त्याने पाहिलेले सांगण्याचा हक्क मात्र अजून मिळवावयाचा आहे, आणि तो संघटनेवाचून मिळणार नाही.