जोडेघाटची गोष्ट कोणी सांगायची?

(आदिलाबाद येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



एकच घटना लेखक अनेकांच्या तोंडून का सांगतात, हा आजचा विषय. पुण्यात बोलायचं असतं तर मी कादंबऱ्यांपासून सुरुवात केली असती. आदिलाबादेत इंद्रवेल्लीपासून करतो.

20 एप्रिल 1981, सोमवार, बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघमची सभा ठरलेली, तिला परवानगी नाकारलेली. डोंगरातल्या गुड्यांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, पायी निघालेल्या किती गोंडांपर्यंत तो नकार पोचला असेल? पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी हिशेबाने 13 माणसं मेली, नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या मते साठच्या आसपास. त्या दिवशी एक पोलीसही मेला. तेरा आणि साठ यांच्या मधल्या माणसांची नावं कुठल्या कागदावर आहेत?

ही घटना एकाच माणसाकडून सांगून पाहा. शिपायाला समोरून येणारी गर्दी दिसते. दुकानदाराला अर्धवट ओढलेल्या दाराच्या फटीतून दिसेल तेवढंच दिसतं. गुड्यावर थांबलेल्या बाईला काहीच दिसत नाही; तिचा नवरा रात्री परत येत नाही, एवढंच तिला कळतं. यातलं कुठलंही एक तोंड निवडलं की उरलेल्यांची बाजू बुडते, म्हणून लेखक अनेकांना बोलवतो.

पण प्रत्येकाचं सत्य वेगळं, असं म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. माणसं गोळ्या लागून मेली, ही गोष्ट कुणाच्याही दृष्टिकोनावर अवलंबून नाही. अकुतागावा या जपानी लेखकाने 1922 साली एका खुनाची कथा लिहिली. तिच्यावरून दिग्दर्शक कुरोसावांनी 1950 मध्ये ‘राशोमोन’ हा चित्रपट केला. तो पाहून अनेक जण ‘खरं काय ते कळतच नाही’ असं म्हणत उठतात. मला त्यात दुसरंच दिसतं. दरोडेखोर, बाई आणि मेलेला नवरा, तिघंही मृत्यू आपल्याच हातून झाला असं सांगतात. शिक्षा चुकवण्यासाठी कुणी असं बोलत नाही. जो तो आपला मान राखण्यासाठी बोलतो. तीन जबान्या शेजारी ठेवल्याशिवाय हे ध्यानात येत नाही. सत्य नाही मिळालं तरी प्रत्येकाच्या खोटेपणाचं कारण मिळतं, आणि ते काही कमी नाही.

मराठीत हे आपण फार पूर्वीपासून वाचत आलो आहोत. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) नऊ भाग, चार कर्णाचे, बाकीचे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांचे. वृषाली आणि शोण ही सूताघरची माणसं. महाभारतात त्यांना बोलायला जागा नाही, सावंतांनी ती दिली. त्या कादंबरीचं मोठेपण मला इथे दिसतं. पण द्रौपदीला तिथे एकही भाग नाही. कर्णाने भर सभेत जिचा अपमान केला, तीच साक्षीला नाही! कादंबरी कर्णाची आहे हे मान्य करूनही ही उणीव मला बोचते. कुणाकुणाला बोलू दिलं हे मोजताना कुणाला दिलं नाही, हेही विचारावं लागतं.

आता आपल्या जिल्ह्यातली परंपरा पाहा. गोंडांचे परंपरागत गायक, म्हणजे परधान, किकरी या तंतुवाद्यावर देवांच्या कथा गातात. गातात गोंडीत आणि घरात बोलतात मराठी; तुमच्यापैकी कित्येकांना हे ठाऊक आहे. गुहेत कोंडलेल्या देवांची सुटका झाली, ही कथा सगळ्या गोंडांची. पुढे मात्र चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा कुळगटांच्या वाटा फुटतात आणि परधान आपापल्या यजमानांच्या बाजूने हकीकत गातो. त्यामुळे मूळ कथा खोटी ठरली, असं कुणी म्हणत नाही. कुणाच्या अंगणात कुणाची कथा गायली जाते आहे, हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. आपल्या कादंबरीकारांनी इथे येऊन हे ऐकायला हवं.

आणि मग जोडेघाट. आज ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. 2016 पर्यंत आदिलाबादेतच होतं. 1940 मध्ये निजामाच्या पोलिसांनी गोंडांचा नेता कोमरम भीम याला तिथे मारलं. सरकारचं दप्तर उर्दूत. त्यानंतर निजाम सरकारच्याच आश्रयाने इथे काम करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फने जंगलखात्याच्या जाचाबद्दल इंग्रजीत स्पष्ट लिहिलं. साहू आणि अल्लम राजय्या यांनी तेलुगूत कादंबरी लिहिली. गोंडीत गाणी आहेत. मराठीत ही घटना सर्व बाजूंनी सांगणारी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

ती लिहायची तर एक अवघड तोंड उघडावं लागेल. गोंडांच्या हातून जमिनी गेल्या त्या एकट्या जंगलखात्यामुळे नव्हेत. बाहेरून येऊन ज्यांनी त्या घेतल्या, त्यांत तेलुगू होते आणि मराठीही होते. पैनगंगेपलीकडून आलेला शेतकरी कदाचित स्वतःच दुष्काळाने आणि कर्जाने पिचलेला असेल. पट्टा आपल्या नावावर झाला त्या रात्री त्याला काय वाटलं? त्याच्या बायकोला काय वाटलं? त्याला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, आणि त्याला वगळणं त्याहून सोपं. दोन्ही टाळून त्याला बोलू द्यावं, आणि त्याच्या लगेच पुढे ज्याची जमीन गेली त्याचं प्रकरण यावं. निकाल वाचणारा देईल.

हे लिहिण्याची ऐपत या सभागृहात आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी तिन्ही कानांवर पडत वाढलेली माणसं पुण्या-मुंबईत मिळणार नाहीत. भीमाला पाहिलेलं आता कोण राहिलं असेल? पण 1981 मध्ये जे विशीत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत. गुड्यावर जा, निवृत्त शिपायाकडे जा, बाजारातल्या जुन्या दुकानदाराकडेही जा. त्यांच्या संमतीने, त्यांच्याच भाषेत, ते सांगतील तसं उतरवून घ्या. कादंबरी नंतर लिहिता येईल. हे काम या उन्हाळ्यातच सुरू करा.