एकाचे अनेक : वनप्रदेशातील बालके आणि इंग्रजी वचनविचार



राज्यात सन २००० पासून पहिलीच्या वर्गात इंग्रजीचा प्रवेश झाला. चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातूनच निर्माण झालेला गडचिरोली, या वनप्रधान जिल्ह्यांतील अनेक बालके घरी गोंडी वा माडिया बोलतात. त्यांच्यासाठी मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा ठरते. असे बालक 'टू स्टोन' म्हणाले, तर त्याला एक आणि अनेक यांतील भेद कळत नाही, असे मानणे अन्यायाचे होईल. मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूची पुडकी मोजणाऱ्या घरात तो भेद त्यास केव्हाच उमगलेला असतो. उणीव असते ती केवळ त्या भेदाच्या इंग्रजी खुणेची.

गोंडी आणि माडिया या द्राविडी कुळातील भाषांतही नामाला प्रत्यय लागून अनेकवचन होते. मराठीत 'झाड'चे 'झाडे' होते, परंतु 'दगड' हा दगडच राहतो. तेव्हा 'टू स्टोन' या चुकीमागेही एक तर्क असू शकतो.

इंग्रजी ही मातृभाषा असलेली बालकेही हा नियम टप्प्याटप्प्यानेच आत्मसात करतात. अमेरिकेतील जीन बर्को या विदुषींनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना 'वग' नावाच्या काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखविले. असे दोन प्राणी दिसताच बहुसंख्य मुले 'वग्ज' म्हणाली. हा शब्द त्यांनी पूर्वी कधीही ऐकलेला नव्हता. अर्थात त्यांनी पाठांतर नव्हे, तर नियम ग्रहण केला होता. मात्र 'स'कारान्त शब्दापुढे 'इझ' जोडणे त्यांनाही कठीण गेले. 'फीट' अचूक म्हणणारे बालक पुढे काही काळ 'फूट्स' म्हणू लागते, तेही नियम गवसल्यामुळेच. ही अधोगती नव्हे, प्रगती होय.

यास्तव शिक्षकांनी प्रथम कानाला वळण द्यावे. एक दगड, अनेक दगड. एक पान, अनेक पाने, अशा वस्तू हाती देऊन 'स्टोन–स्टोन्स', 'लीफ–लीव्हज' म्हणवून घ्यावे. आधी मुलाच्या बोलीतील शब्द विचारावा. चूक झाल्यास न रागावता शुद्ध रूप सहज उच्चारावे. पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे, ही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची शिफारसही याच दिशेची आहे.

व्याकरणाची चूक कालांतराने सुधारते. हेटाळणीने मिटलेले तोंड मात्र सहजी उघडत नाही. वनप्रदेशातील एकही बालक असे मुके होऊ नये, ही जबाबदारी शाळेची आहे, तशीच ग्रामपंचायतीचीही आहे.