दुष्काळ आणि गाणें

दुष्काळपीडितांच्या मदतीसाठीं गायनाचा जलसा करावा असें कोणीं सुचविलें, कीं मंडळींत लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "लोक अन्नावांचून तडफडत असतां आपण गालिच्यावर बसून ख्याल ऐकावयाचा, हें शोभतें काय? पैसे द्यावयाचे तर सरळ द्यावे. त्यासाठीं तानांची लालूच कशाला?" दुसरा पक्ष म्हणतो, "नुसत्या विनंतीनें खिशांतला हात बाहेर येत नाहीं, गाण्यानें येतो. गरज पैशाची आहे. तो कोणत्या वाटेनें आला याची चौकशी कशाला?" दोघांचेंही म्हणणें ऐकतांना पटतें. परंतु गाणें हें पैसा काढण्याचें एक साधन, एवढेंच दोघेही धरून चालतात. गायकानें मिळवून दिलेला पैसा मोलाचा खराच. पण दूरची भूक तो ऐकणाऱ्याच्या मनाशीं आणून बसवितो, हें त्याचें त्याहून मोठें काम होय. आणि हीं दोन्ही कामें साधावयाचीं तर गाण्याइतकीच हिशेबाचीही तयारी लागते. आजच्या भाषणांत मला एवढेंच सांगावयाचें आहे.

लोककार्यासाठीं गाण्यानें पैसा उभा करणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. कीर्तन संपलें म्हणजे आरतीचें ताट फिरतें. गाडगे महाराजांनीं तर कीर्तनाच्या जोरावर पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा उभ्या करविल्या आणि स्वतःजवळ मात्र कांहीं ठेवलें नाहीं. रंगभूमीवरचें ठळक उदाहरण म्हणजे 'संयुक्त मानापमान'. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनीं खाडिलकरांचें 'मानापमान' एकत्र येऊन केलें. केशवराव भोसले धैर्यधर झाले व बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला द्यावयाचें होतें, आणि एका रात्रींत तें सोळा हजारांवर गेलें. हा फंड दुष्काळाचा नव्हता हें खरें. तथापि पैसा कोणाला जाणार हें प्रयोगापूर्वींच सर्वांस ठाऊक होतें, आणि प्रतिस्पर्ध्यांनीं आपापला मान बाजूस ठेवला होता, या दोन गोष्टी दुष्काळाच्या जलशालाही लागू पडतात. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत केशवराव निवर्तले. त्यामुळें तो प्रयोग मराठी मनांत अधिकच खोल रुजून राहिला.

आतां प्रत्यक्ष दुष्काळाकडे वळूं. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळांत १५ लाख माणसें मेलीं असा सरकारी चौकशी-कमिशनचा अंदाज होता; पुढील अभ्यासकांनीं तो आंकडा ३० लाखांच्या आसपास नेला. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडला व तिकडून येणारा तांदूळ थांबला. ऑक्टोबरांत मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झालें. शत्रूला उपयोग होऊं नये म्हणून सरकारनें नदी-खाड्यांतील होड्या काढून घेतल्या. लढाईच्या खर्चानें भाव चढले आणि साठेबाजांनीं ते आणखी चढविले. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें, कीं धान्य अगदींच नाहींसें झालें होतें असें नव्हे. तें विकत घेण्याची शक्ति शेतमजुरांत आणि कोळ्यांत उरली नव्हती. कोठारांत तांदूळ आणि दाराशीं प्रेत, असा तो दुष्काळ होता.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. फॅमिन कोडाप्रमाणें दुष्काळ एकदां जाहीर झाला म्हणजे मदतीचें बंधन सरकारवर येत असे. बंगालचा दुष्काळ जाहीरच करण्यांत आला नाहीं. वृत्तपत्रांवर युद्धकाळाचे निर्बंध होते. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रानें ऑगस्ट १९४३ मध्यें रस्त्यांवरील उपाशी माणसांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां कोठें ती गोष्ट झांकून ठेवणें अशक्य झालें. सरकारी कागदांत ज्या भुकेला नांव नव्हतें, तिची बातमी गांवोगांव पोंचविण्याचें काम अशा वेळीं गायकांकडे आलें.

मे १९४३ मध्यें मुंबईस 'इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन', म्हणजे 'इप्टा', ही संस्था निघाली. बिनय रॉय यांच्या नेतृत्वाखालीं बंगाली गायक-नर्तकांचें एक पथक बंगालच्या मदतीसाठीं बाहेर पडलें आणि १९४४ सालीं मुंबई, महाराष्ट्र व गुजरात या भागांत हिंडलें. पुष्कळ श्रोत्यांना बंगाली भाषा येत नव्हती. वामिक जौनपुरी यांच्या 'भूका है बंगाल' या उर्दू गीतानें ती उणीव भरून काढली. या पथकानें जमविलेला पैसा मदतकार्यास गेला. परंतु जेथें जेथें तें गेलें तेथें तेथें बंगालचा दुष्काळ हा परप्रांतांतील प्रसंग राहिला नाहीं. मंडळींचें राजकीय मत कोणतेंही असो, त्यांच्या या कामाचें मोल त्यानें कमी होत नाहीं.

मराठींत हें काम अण्णा भाऊ साठे यांच्या 'बंगालची हाक' या पोवाड्यानें केलें. वाटेगांवाहून मुंबईस आलेल्या आणि शाळेचें शिक्षण फारसें न लाभलेल्या या शाहिरानें १९४४ सालीं अमर शेख व गवाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' काढलें. पोवाडा म्हणजे वीराची कथा. गड सर करणारा सरदार आणि त्याची तलवार हा त्याचा नेहमींचा विषय. ज्या कथेंत कोणी सरदार नाहीं, कीं कोणती लढाई जिंकलेली नाहीं, ती भुकेची कथा डफ-तुणतुण्यावर सांगणें हें धाडसच होय. शिवाय पोवाड्याला थिएटर लागत नाहीं, तिकीटही लागत नाहीं. ज्यांच्या स्वतःच्या घरीं दोन वेळच्या जेवणाची भ्रांत, त्यांनाही तो ऐकावयास मिळतो. दुसऱ्याची भूक त्यांना समजावून सांगावी लागत नाहीं.

बिनय रॉय यांच्या पथकाला मुंबईंत जो प्रतिसाद मिळाला, त्यांतून 'इप्टा'चें मध्यवर्ती कलापथक अंधेरीस उभें राहिलें. शांति बर्धन त्याचे नृत्यदिग्दर्शक होते, आणि १९४५ च्या सुमारास तेथें संगीत देणारा एक तरुण सतारिया होता : रविशंकर. तेच रविशंकर २६ वर्षांनीं पुन्हां बंगालच्याच दुःखासाठीं उभे राहिले. १९७० च्या नोव्हेंबरांतील वादळानें आणि १९७१ च्या युद्धानें पूर्व बंगालचे लाखों लोक बेघर झाले होते. रविशंकरांनीं आपला मित्र जॉर्ज हॅरिसन याच्याजवळ गोष्ट काढली आणि १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें दोन कार्यक्रम झाले. आरंभ रविशंकरांची सतार, अली अकबरखांचा सरोद आणि अल्लारखांचा तबला यांनीं झाला. दोन्ही वेळचे मिळून सुमारे ४०,००० श्रोते आले आणि तिकिटांचे दोन लक्ष त्रेचाळीस हजार डॉलर संयुक्त राष्ट्रांच्या बालक-निधीला मिळाले. बांगला देश हें नांव ज्यांनीं पूर्वीं ऐकलेंही नव्हतें, त्यांच्या तोंडीं तें आलें.

परंतु या उदाहरणाची दुसरीही बाजू आहे. त्या कार्यक्रमाच्या तबकड्या व चित्रपट यांतून पुढें जो पुष्कळ मोठा पैसा आला, तो अमेरिकेच्या करखात्याच्या तपासणींत जवळजवळ दहा वर्षें अडकून पडला. कारण अगदीं साधें होतें : कार्यक्रम ठरवितांना धर्मादाय संस्थेशीं कायदेशीर बांधणी आधीं झाली नव्हती. गाणारांच्या मनांत खोट नव्हती, ऐकणारांच्या औदार्यांत नव्हती. तरीही निर्वासितांच्या मुलांना ज्या वेळीं दूध हवें होतें, त्या वेळीं तो पैसा कागदांत पडून राहिला. भुकेला मुदतवाढ देतां येत नाहीं.

गाण्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत एका वेळीं सुमारे ५० लाख माणसें सरकारी कामांवर राबत होतीं आणि त्या मजुरीवर घरें तगलीं. एवढ्या माणसांची मजुरी कोणत्याही जलशांतून निघणार नाहीं. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमीचा पुढें १९७७ सालीं कायदा झाला. मदतीचा जलसा हा अशा व्यवस्थेच्या जागीं उभा राहूं शकत नाहीं. ती व्यवस्था झोपली असेल तर तिला हाक मारणें आणि ती जागी होईपर्यंत चार चुली पेटत्या ठेवणें, एवढें तो करूं शकतो.

आतां हा विचार आपल्या अंगणांत आणून पाहूं. पालघरजवळचें माहीम घ्या. मुंबईचें नव्हे, केळवें-माहीम. समुद्रकांठचा हा गांव नारळी-पोफळींचा आणि पानवेलींच्या बागांचा. एके काळीं तालुकाही याच्याच नांवानें ओळखला जाई. येथून पूर्वेकडे निघालें, तर एका दिवसांत जाऊन येण्याच्या टप्प्यांत जव्हार आणि मोखाडा हे तालुके लागतात. १ ऑगस्ट २०१४ पासून हा सारा एकच पालघर जिल्हा आहे. जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी हें नांव १९९२ सालीं तेथील बालमृत्यूंमुळें सर्व महाराष्ट्राला कळलें. त्या डोंगरांत पाऊस कमी पडतो असें मुळींच नाहीं. तो धो-धो पडतो. पण पावसाळ्यांत मजुरी थांबते आणि घरांतलें भात-नागली संपत आलेली असते. म्हणजे बंगालची गोष्ट येथेंही तीच : प्रश्न आभाळाचा नाहीं, मजुरीचा आहे. त्याच डोंगरांत भाताचें पीक हातीं येऊं लागलें, कीं दुधी भोपळा, बांबू व ताडाचें पान यांपासून केलेला तारपा वाजूं लागतो आणि वारली मंडळी त्याभोंवतीं फेर धरतात. गाणें आणि अन्न यांचें नातें आपल्यापेक्षां त्यांना अधिक जवळचें आहे.

तेव्हां माहीमसारख्या गांवीं उद्यां असा जलसा ठरलाच, तर कांहीं गोष्टी आरंभींच पाळाव्या. पैसा कोणत्या संस्थेला, कोणत्या कामासाठीं व किती दिवसांत पोंचणार, हें तिकिटावरच छापावें. मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक यांचा खर्च एखाद्या गृहस्थानें उचलावा, म्हणजे तिकिटाचा पैसा सबंध राहील. मुख्य गायकानें बिदागी सोडणें हें भूषण आहे. परंतु तबलजी, पेटीवाला, सारंगिया यांचें घर रोजच्या साथीवर चालतें. त्यांना त्यांचें मोल द्यावें. एकाची भूक भागवितांना दुसऱ्याच्या ताटांतलें काढूं नये. मध्यंतरांत पुढाऱ्यांच्या सत्कारापेक्षां त्या डोंगरांतील परिस्थिति जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाला किंवा डॉक्टराला पांच मिनिटें बोलूं द्यावें. तारपा वाजविणाऱ्याला बोलवावयाचें तर शोभेसाठीं नव्हे, गुणी वादक म्हणून बोलवावें आणि त्यालाही बिदागी द्यावी. आणि महिन्याभरांत जमाखर्च गांवच्या फळ्यावर लावावा.

मग आरंभींच्या दोन पक्षांना उत्तर देतां येईल. लोक उपाशी असतांना गाणें ऐकणें शोभतें काय? ऐकून घरीं गेल्यावर ते लोक आठवणार असतील, तर शोभतें. पैसा कोणत्या वाटेनें आला याची चौकशी कशाला? ती करावीच; आणि तो कोणत्या वाटेनें गेला याची त्याहून अधिक करावी.