कुंपणावरचे भोपळे
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)

घाबरू नका, हिशेबाचं बोलणार नाही. मागच्या कुंपणावरच्या वेलाला यंदा अश्विनात नऊ लाल भोपळे धरले. देठ वाळला, सालीत नख रुतेना, की भोपळा तयार. तोडताना चार बोटं देठ ठेवाच. कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. कापला की मात्र लवकर संपवा. घारग्यांसाठी कीस गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढीच कणीक. पाणी अजिबात नाही. (आमच्याकडे वेलची नाही, जायफळ!) बिया वाळवून ठेवल्यात, मागेल त्याला देईन.

त्याच पट्ट्यावर पार्किंगचा ठराव पुढच्या सभेत येतोय. माझं मत विरोधात. गाड्यांना जागा शोधू. आज ताटात आलेले घारगे त्याच मातीतले आहेत. खाऊन बघा, मग ठरावाला हात वर करा.