नोंदीची हद्द



१९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याच्या आधाराने चालणारी छोटी ग्रंथालयं मेहकर, चिखली, खामगाव अशा आपल्या तालुक्यांतही आहेत. अशा ठिकाणी दाखल नोंदवही संगणकावर उतरवताना टाइप करणारा माणूस सहसा वहीचीच पद्धत धरतो. आधी दाखल क्रमांक, त्याखाली पुस्तकाचं नाव, त्याखाली लेखक, शेवटी प्रकाशनाचं साल आणि मग एक ओळ मोकळी. वाचायला हे सोयीचं आहे. पण लेखकवार यादी लावायची, तर एका पुस्तकाची एकच आडवी ओळ हवी, रकान्यांत विभागलेली. हजारो पुस्तकांची नोंद पुन्हा टाइप करण्यापेक्षा पायथन या संगणकभाषेत पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट लिहावी. नवशिक्याला ती जमते.

नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो तो चार-चार ओळी मोजून घेण्याचा. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ सालचा. त्याचं मूळ नाव लांबलचक आहे. पूर्ण लिहिलं, तर दुसरी ओळ लागते. समजा त्याचा दाखल क्रमांक ४१२ आहे आणि ४१३ वर मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ आहे. मोकळ्या ओळी वगळून चार-चार मोजत गेलो, तर ताराबाई सालाच्या रकान्यात जातात. पुढच्या नोंदीत १८८२ हा दाखल क्रमांक ठरतो, ४१३ हे पुस्तकाचं नाव होतं, ‘शीळ’ लेखक बनतो आणि ना. घ. देशपांडे सालाच्या जागी बसतात. एका जादा ओळीने खालची सगळी यादी सरकते, आणि संगणक चूक झाल्याचं सांगतही नाही.

म्हणून आधी नोंदीची हद्द ओळखायची. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ‘ऑक’ ही भाषा घडवली. तिच्यात नोंदी वेगळ्या करणारी खूण कोरी ठेवली, की मोकळी ओळ हीच हद्द मानली जाते. पायथनमध्ये तेच काम हाताने करायचं. एक रिकामी यादी घ्यायची. फाइलमधल्या प्रत्येक ओळीची कडेची मोकळी जागा छाटायची आणि ती कोरी नसेल, तर त्या यादीत टाकायची. ओळ कोरी निघाली आणि यादीत काही साठलेलं असलं, तर ती नोंद लिहून यादी रिकामी करायची. छाटणं विसरू नका. डोळ्यांना कोरी दिसणारी ओळ कधी कधी नुसत्या स्पेसने भरलेली असते.

आता नोंद दोन्ही टोकांकडून वाचा. पहिली ओळ दाखल क्रमांक, शेवटची साल, तिच्या आधीची लेखक. मधे जे उरेल, ते सगळं पुस्तकाचं नाव, मग ते एका ओळीत असो वा तीन. नावात स्वल्पविराम येतात, म्हणून रकाने टॅबने वेगळे करा. फाइल उघडताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग सांगा, म्हणजे देवनागरी बिघडणार नाही. सालाचे मराठी अंक बदलत बसू नका. पायथन ‘१८८२’ची थेट संख्या करतो.

फाइल संपल्यावर यादीत उरलेली नोंदही लिहायला हवी. शेवटच्या पुस्तकामागे मोकळी ओळ नसेल, तर नेमकं तेवढंच पुस्तक गळतं. मूळ फाइलला हात लावू नका, निकाल नव्या फाइलीत घ्या आणि नोंदींची संख्या वहीशी ताडून पाहा. ज्या नोंदीत साल नाही किंवा दोन लेखक आहेत, ती स्क्रिप्टने वेगळी काढावी आणि ग्रंथपालांनी पाहावी.

लेखक कोणता, संपादक कोणता, हे ज्यांनी वही राखली त्यांनाच कळतं. म्हणून विद्यार्थ्यांना माझी मनापासून विनंती आहे. या सुट्टीत गावच्या ग्रंथपालांकडे जा, त्यांच्या शेजारी बसून वहीची दहा पानं वाचा आणि मगच स्क्रिप्टची पहिली ओळ लिहा.