रूपा हत्तीण आणि आपले बडोदे



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत माझ्याआधी मोठमोठे विद्वान बोलून गेले. त्यांच्यामागून एका पुठ्ठ्याच्या हत्तिणीची हकिगत सांगायला मी उभी राहावे, याचा मला संकोच वाटतो. पण चिटणीसांनी आग्रह धरला की, "बाई, तुमच्या वर्गातली ती गोष्टच सांगा." शिवाय या न्यासाचे माझ्यावर जुने ऋण आहे. मी चौथीत होते तेव्हा माझी पुस्तके आणि वह्या याच न्यासाने दिल्या होत्या. तेव्हा नाही म्हणणे माझ्याच्याने झाले नाही.

लहान मुलांसाठी नॅशनल बुक ट्रस्टने काढलेले एक चित्रांचे पुस्तक आहे. त्याचे कर्ते मिकी पटेल, आणि नायिका रूपा नावाची हत्तीण. रूपाला आपला राखी रंग आवडत नाही. इतर प्राण्यांचे रंग पाहून तिला आपलेही अंग तसे असावे असे वाटते, आणि शेवटी आपण आहोत तशाच बऱ्या, हे तिला उमगते. आमच्या वर्गातल्या मुलांना हे पुस्तक पाठ आहे. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही या रूपाला पुस्तकातून बाहेर काढले. पुठ्ठ्यावर चित्र काढले, कापले, पाठीवर तांबडी झूल रंगवली. उंची एक वीत. वर्गात मुले १९. ठरले असे की, रूपाने प्रत्येकाच्या घरी एकेक आठवडा पाहुणी म्हणून राहायचे आणि घरच्या मुलाने तिला आपले गाव दाखवायचे.

ही कल्पना माझी नव्हे, हे प्रथमच सांगते. अमेरिकेत जेफ ब्राउन यांनी १९६४ साली स्टॅनली नावाच्या मुलाची गोष्ट लिहिली. अंगावर फळा पडून तो कागदासारखा चपटा होतो आणि पाकिटात घालून त्याला दूरगावी पाठवतात. त्यावरून कॅनडातील डेल ह्यूबर्ट या शिक्षकांनी १९९५ साली आपल्या विद्यार्थ्यांकडून कागदी स्टॅनली बनवून घेतले आणि ते गावोगावच्या शाळांना टपालाने धाडले. मी एवढाच फरक केला की, आमची पाहुणी टपालाने जाणार नव्हती. तिचे नियम तीन. पहिला, रूपाला केवळ मराठी समजते. तेव्हा तिच्याशी बोलायचे आणि वहीत लिहायचे ते मराठीत. दुसरा, दाखवायची ती एकच जागा, पण नीट. तिसरा, रूपाला वर्गात परत आणायचे नाही. ज्याची पुढची पाळी असेल त्याने मागच्या मुलाच्या घरी जाऊन तिला घेऊन यायचे. हा तिसरा नियम मी सहज केला होता. पुढे तोच मला जड गेला.

पहिली चार पाने वाचून मी निराश झाले. "हा लक्ष्मीविलास राजवाडा आहे. तो भव्य आहे." "हे सूरसागर तळे आहे. ते सुंदर आहे." मुले बडोदे पाहत नव्हती, पाठ म्हणत होती. मी त्यांना विचारले, "अरे, रूपा वीतभर उंचीची. ती उभी कुठे राहिली? तिला दिसले काय?" तेव्हापासून वहीचा रंग बदलला. एकाने तिला कमाटीबागेतल्या संग्रहालयात नेले. ती इमारत १८९४ ची; तिथे नील देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. त्याने लिहिले, "माशाच्या हाडांसमोर रूपा गप्प झाली. ती म्हणाली, मी मोठी आहे असे मला कोणी सांगितले होते?"

रावपुऱ्याजवळ राहणारी एक मुलगी तिला तांबेकरवाड्यात घेऊन गेली. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चार मजली लाकडी वाडा. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. ती मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण तिने तो कधीच पाहिला नव्हता. तिच्या वडिलांनीही पाहिला नव्हता! तिचे वाक्य असे: "रूपा म्हणाली, हे तर भिंतीवरचे चित्रांचे पुस्तक आहे, मला इथेच राहू दे."

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आम्ही सारेच गेलो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून हे ग्रंथालय उभारले. तिथल्या पुस्तकांच्या कोठारात मजल्याची जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खाली झिरपावा. वरच्या मजल्यावर चालणाऱ्यांच्या सावल्या खालून पाहताना मुलांचा आनंद काय वर्णावा! आणि शेव-उसळीच्या गाडीपाशी तर एका मुलाने रूपाला फार मार्मिक गोष्ट सांगितली: "उसळ आपली आणि शेव गुजराती. आता वेगळी काढता येत नाही."

मग ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. तेव्हाचे हाल आपणांपैकी पुष्कळांनी सोसले आहेत. नदीतल्या मगरी वस्तीत आल्या होत्या. त्या आठवड्यात रूपा नदीकाठच्या एका मुलीकडे होती. तळमजल्यात पाणी शिरले. पोरीने वही माळ्यावर टाकली, पण रूपा खिडकीतच राहिली. शाळा सुरू झाली तेव्हा ती रडत आली: "बाई, रूपा फुगली." पुठ्ठा भिजून जाड झाला होता आणि झुलीचा तांबडा रंग सगळ्या अंगभर उतरला होता. मी म्हटले, नवी करू. सारा वर्ग एका आवाजात नको म्हणाला. पुस्तकातली रूपा रंग मागत होती. आमच्या रूपाला तो विश्वामित्रीने दिला. वजनाखाली दाबून आम्ही तिला सरळ केले आणि ती पुढच्या घरी गेली.

आता ज्यासाठी मी बोलायला उभी राहिले, ती गोष्ट सांगते. दिवाळीनंतर रूपा हत्तीखान्यात राहणाऱ्या एका मुलीकडे होती. हत्तीखाना आता धान्याचा बाजार आहे. पोरीने लिहिले होते, "रूपा म्हणाली, नाव माझे आणि घर गव्हाचे!" तिथून रूपाला आणण्याची पाळी दांडिया बाजारच्या एका मुलाची होती. सोमवार गेला, मंगळवार गेला, तो काही गेला नाही. विचारले तर मान खाली. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. आजींनी आदराने बसवले, लाडू दिला आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्याबद्दल मनात काही नाही हो. पण त्या बाजूला आमचं पोर जात नाही. आम्हीसुद्धा कित्येक वर्षांत गेलो नाही. ती हत्तीण तुम्हीच शाळेत आणून द्या ना."

मंडळी, 'ती बाजू' म्हणजे माझी बाजू. मी त्याच वस्तीत लहानाची मोठी झाले. मला राग आला नाही असे म्हटले तर ते खरे होणार नाही. पण आजींच्या डोळ्यांत तिरस्कार नव्हता, भीती होती; आणि या शहराने जे दिवस पाहिले आहेत ते आठवले म्हणजे भीतीला निव्वळ वेडेपणाही म्हणता येत नाही. आमच्या वस्तीतल्या आयासुद्धा आपल्या मुलांना 'त्या बाजूला' जाऊ नको म्हणतात. मी एवढेच म्हणाले, "आजी, माझे पणजोबा दक्षिणेतून इथे आले ते गायकवाड सरकारच्या हत्तींचे माहूत म्हणून. आमच्या घरात हत्तीखान्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत. तुम्हीच चला सोबत. जाता जाता सांगते."

आजी आल्या. कशा आल्या, हे मला अजून कळलेले नाही. बहुधा नातवासमोर नाही म्हणवले नसावे. मांडवी ओलांडताना त्यांनी पदर सावरला आणि माझा हात धरला. त्या घरी मुलीच्या नानीने खुर्ची पुसून पुढे केली. आजींनी चहा घेतला नाही; पाणी घेतले. पंधरा मिनिटे दोघी बोलल्या त्या पुराबद्दल: कुणाच्या घरात किती पाणी, किती धान्य भिजले, दिवे किती दिवस नव्हते. निघताना नानीने नातवाच्या खिशात खजूर घातले. यापलीकडे काही घडले नाही, आणि मी ते वाढवून सांगणार नाही. मुलाने मात्र वहीत लिहिले: "रूपा जाताना घाबरली होती. मी घाबरलो नव्हतो. येताना दोघेही घाबरलो नव्हतो."

शेवटची पाळी आली ती मार्चमध्ये. त्या मुलीने रूपाला कमाटीबागेतील संकल्पभूमी दाखवली. बडोदे सरकारच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून डॉक्टर आंबेडकर १९१७ साली इथे नोकरीवर रुजू झाले. पण जात आड आली आणि त्यांना राहायला जागा मिळाली नाही. त्या सप्टेंबरात याच बागेत एका झाडाखाली बसून त्यांनी आपल्या समाजासाठी झटण्याचा निर्धार केला. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा ती मुलगी उठून म्हणाली, "बाई, आपल्या रूपाला १९ घरे मिळाली. त्यांना एकही कसे नाही मिळाले?" वीस वर्षे शिकवते आहे, पण त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

आपणां सर्वांना बडोद्याचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात सुरू झाले. मूल शाळेत धाडले नाही तर आईबापांना दंड होई. एका मुलाने दुसऱ्या मुलाच्या घरी जावे, यासाठी मात्र कोणत्याही सरकारला कायदा करता येत नाही. ते काम आपल्यासारख्यांचे आहे. राजवाडा दाखवायला वाटाड्या पुरतो. गाव कळायचे तर एकमेकांचे उंबरे ओलांडावे लागतात, हे मला मुलांनी शिकवले.

माझी न्यासाकडे मागणी लहान आहे. नवी पाटी नको, बक्षीस नको. आमची वही मी कचेरीत चिटणीसांपाशी ठेवली आहे. ती अवश्य वाचावी. शेवटची काही पाने कोरी आहेत. पुढल्या वर्षी आमची मुले रूपाला न्यासाच्या सभासदांकडे पाहुणी म्हणून धाडू इच्छितात. ज्यांच्या घरी तिला न्यावेसे वाटेल त्यांनी त्या पानांवर नाव लिहावे. पत्ता मात्र खुणेसकट पुरा लिहावा, कारण तिला न्यायला पुढचे मूल पायी येणार आहे.