आजोबांच्या पत्रातली झाडं



मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. ते तुम्ही रोजच ऐकता. मी एका पत्राबद्दल बोलते. ते माझ्याच हातून हरवलं.

माझ्या आईचे वडील बार्शीकडचे. तो मुलूख इंग्रजांचा, आपलं तेर निजामाचं. ते मराठा पलटणीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. १९४५च्या शिमग्यानंतर त्यांनी लिहिलेलं एक पत्र आज्जीने ट्रंकेत जपून ठेवलं होतं.

आज्जीला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की गावातले मास्तर ओसरीवर बसून सासू-सासऱ्यांसमोर वाचायचे. त्याआधी पलटणीतल्या साहेबाने ते वाचून गावांची नावं खोडलेली असायची. अशा पत्रात माणूस बायकोला काय लिहिणार? ‘घरातील मंडळींस आशीर्वाद’, त्यातच ती आली!

म्हणून आजोबांनी झाडांविषयी लिहिलं. थंडी सरली, गहू हिरवागार आहे, पानं फुटायच्या आधीच झाडं गुलाबी फुलांनी भरलीत. आणि इकडे द्राक्षाची वेल शेतातल्या झाडावर चढवतात. त्या वेलीवर चार ओळी होत्या. सासूबाई म्हणाल्या, “पैशाचं काय लिहिलंय ते वाचा मास्तर.” आज्जी आत चुलीपुढे बसून ऐकत होती.

आठवीत सरांनी आम्हाला लामतुरे संग्रहालयात नेलं होतं. हे आपलं तेर म्हणजे जुनं तगर, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं कापड गाड्यांनी भडोचला जायचं. मग सरांनी हाल राजाची गाथासप्तशती सांगितली. गावाला गेलेला नवरा, घरी बायको, आणि आंब्याला मोहोर आलेला. मोहोर आला एवढंच म्हणायचं, बाकीचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. तेव्हा मला आज्जीचं पत्र कळलं. सुट्टीत तिला पुन्हा वाचून दाखवलं, तर वेलीपाशी म्हणाली, “तेवढं परत वाच.”

पत्र लिहिल्यावर थोड्याच दिवसांनी, ९ एप्रिलला, पलटणीने सेनिओ नदी ओलांडली. त्याच लढाईत नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांमधून उचलून आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमचे आजोबा सुखरूप परत आले. त्या पत्राविषयी घरात कधी चकार शब्द बोलले नाहीत.

इंजिनिअरिंगला असताना ‘स्कॅन करून देते’ म्हणून मी ते पत्र नेलं आणि होस्टेलची खोली बदलताना हरवलं. आज्जीने दोनदा विचारलं, “सापडलं का गं?” मी ‘शोधते’ म्हणत राहिले. ती गेली तेव्हाही मी शोधतच होते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी पत्रं असतील. ६५ची, ७१ची, कारगिलची. उद्या दुपारपर्यंत मी शाळेतच आहे. घेऊन या. मी मोबाइलवर फोटो काढून घेते. पत्र मात्र तुमच्याच हातात धरा, माझ्याकडे देऊ नका.